तांब्याची करवत, वाळूची धार

पांढुर्णा-सौंसर भागातल्या काळ्या बेसॉल्टवर पाथरवटाची टाकी चालते, कारण ती पोलादी असते. जाते आणि पाटा-वरवंटा तिनेच घडतात. पिरॅमिडकालीन इजिप्तकडे पोलाद नव्हते. तरीही राजवंशांच्या आधीपासून तिथे बेसॉल्टची भांडी घडत होती. हे कसे जमले, ते ब्रिटिश संशोधक डेनिस स्टॉक्स यांनी त्या काळासारखीच अवजारे बनवून, चालवून पाहिले. त्यांचे पुस्तक २००३ मध्ये आले. बिनदात्यांची तांब्याची करवत किंवा दोरी लावलेल्या धनुष्याने फिरणारी तांब्याची नळी ग्रॅनाइटवर वाळूसह घासली, की दगड झिजतो. कापतात ते वाळूतले क्वार्ट्झचे कण. मऊ तांबे त्यांना फक्त दाबून फिरवते. काम अतिशय संथ, आणि तांबेही झिजत जाते. अस्वानच्या खाणीत मात्र डोलेराइटच्या गोळ्यांनी ग्रॅनाइट कुटत. हा डोलेराइट बेसॉल्टचाच भाऊबंद, जमिनीखाली सावकाश थिजलेला.