आगटीपाशी साहेब नवखे

डिसेंबर सरत आला की हेडऑफिसचा मेल येतो. मार्चअखेरच्या आत प्रत्येक शाखेनं ‘टीम बिल्डिंग डे’ साजरा करावा, बॅनरसह फोटो पाठवावेत, माणशी खर्च ठरवून दिलेल्या रकमेवर जाऊ नये. पुण्या-मुंबईच्या शाखांना हे सरावाचं झालंय. रिसॉर्ट ठरतं, बस ठरते, हसवणारा एक ट्रेनर ठरतो आणि सोमवारी सगळे पुन्हा आपापल्या खुर्चीत. औंढा-वसमत रस्त्यावरच्या शिरड शहापूरसारख्या गावातल्या शाखेत मात्र हा मेल वाचून सगळे एकमेकांकडे बघतात. इथं रिसॉर्ट कुठलं? औंढ्याला नागनाथाचं दर्शन घ्यायचं, सिद्धेश्वर धरणाच्या भिंतीपाशी फोटो काढायचा, येताना ढाब्यावर जेवायचं, झाला टीम बिल्डिंग डे.

होतो, पण त्यातून साधत काही नाही. कारण अशा गावातल्या कार्यालयाचं खरं दुखणं वेगळंच असतं. त्याचं नाव अपडाऊन. बँक घ्या, पतसंस्था घ्या, शाळा किंवा दवाखाना घ्या; निम्म्याहून जास्त माणसं वसमत, नांदेड, परभणी, हिंगोलीहून रोज येऊन-जाऊन करणारी. सकाळी घड्याळाकडे बघत यायचं, संध्याकाळी गाडीच्या वेळेकडे बघत काम आवरायचं. मुक्कामी असतात ते शिपाई मामा, एखादा स्थानिक लिपिक, पिग्मी गोळा करणारा गडी. वर्षानुवर्षं एका छताखाली बसूनही अपडाऊनवाल्यांनी मामांचं घर पाहिलेलं नसतं आणि मामांना साहेबांच्या मुलांची नावं माहीत नसतात. एकत्र आणायचं आहे ते या दोन तुकड्यांना. त्यासाठी दोरीच्या जाळ्यातून एकमेकांना पलीकडे ढकलण्याची गरज नाही.

या दोरीच्या खेळांचं मूळ मोठं गमतीशीर आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञानं लॉरेन्स होल्ट या जहाजमालकाच्या मदतीनं वेल्समधल्या अबरडोव्हीला ‘आउटवर्ड बाउंड’ नावाची शाळा काढली. बुडत्या जहाजावर तरुण खलाशांनी धीर सोडू नये, ही त्यामागची कळकळ. पुढे तीच डोंगर-दोरी-होडीची शिकवण कंपन्यांनी उचलली. खलाशांसाठीची कवायत अशी फिरत फिरत लेखापालांच्या वाट्याला आली.

तिचा उपयोग होतो का, हेही लोकांनी तपासलंय. १९९९ साली एदुआर्दो सालस आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तर कामगिरीवर एकंदर म्हणावा असा परिणाम दिसला नाही. फक्त जिथं ‘कोणाचं काम नेमकं कोणतं’ याचा उलगडा झाला, तिथं फरक पडलेला दिसला. २००९ साली आणखी मोठी चाळणी लावली गेली. तेव्हा चित्र जरा बरं निघालं, पण झुकतं माप पुन्हा दोनच गोष्टींना मिळालं: उद्दिष्ट ठरवणं आणि कामाची वाटणी स्पष्ट करणं. निव्वळ हसणं-खिदळणं फार पुढे नेत नाही, असा याचा सरळ अर्थ. मला स्वतःला हसण्या-खिदळण्याविषयी काहीच तक्रार नाही. त्याला प्रशिक्षण म्हणू नये एवढंच.

आणि कामावरच्या माणसांना कामापलीकडे एकत्र आणणं हे काही आपल्याकडे आयटी कंपन्यांबरोबर आलेलं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा कारखाना आणि वस्ती एकदमच उभी राहिली. त्या कारखान्याचं घरचं पत्र म्हणून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघालं आणि त्याचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. (मराठी मासिकांच्या इतिहासातलं एवढं मोठं प्रकरण एका कारखान्याच्या स्टाफ-पत्रिकेतून सुरू झालं, हे हल्ली कुणाच्या लक्षातही नसतं.) मुंबईच्या गिरणगावात भजनी मंडळं, कबड्डीचे संघ आणि कामगार रंगभूमी यांनी पाळीपाळीनं राबणाऱ्या माणसांना बांधून ठेवलं. १९५३च्या कायद्यानं कामगार कल्याण मंडळ आलं. त्या मंडळाच्या नाट्यस्पर्धा, भजनस्पर्धा, समरगीत आणि कबड्डीच्या स्पर्धा आजही होतात. पाच किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या खासगी आस्थापनेतल्या कामगाराच्या पगारातून जून आणि डिसेंबरमध्ये या निधीसाठी कपात होते. २०२४च्या वाढीनंतर कामगाराचे २५ रुपये आणि मालकाचे ७५. पगारपत्रकावरची ती बारीक ओळ बहुतेकांनी कधी वाचलेली नसते. वाचावी. स्टाफच्या करमणुकीचे काही पैसे आधीच गेलेले आहेत.

सरकारी माणसाला तर हे सांगायलाच नको. महसूल विभागाच्या क्रीडा आणि सांस्कृतिक स्पर्धा जिल्ह्याला होतात, मग छत्रपती संभाजीनगर विभागाच्या होतात. खो-खोच्या मैदानात तलाठी तहसीलदारांना बाद करतो आणि त्या दिवसापुरतं त्याला कोणी नोटीस काढत नाही. या एका गोष्टीत सगळं मर्म आहे. वर्षभराची उतरंड काही तास मोडली पाहिजे, तीही खोटी खोटी नव्हे. साहेबानं मुद्दाम हरून दाखवलं की सगळ्यांना कळतं आणि सगळे अवघडतात. काम असं निवडावं की ते साहेबाला खरोखरच येत नसेल.

शिरड शहापूरच्या परिसरात असं काम जानेवारीत आयतंच उभं असतं. हुरडा.

हल्ली ‘हुरडा पार्टी’ म्हटलं की पुण्याभोवतीची कृषिपर्यटन केंद्रं, झोपाळे, बैलगाडी आणि माणशी दरपत्रक डोळ्यांपुढे येतं. राज्यानं २०२० साली कृषिपर्यटनाचं धोरण आणल्यापासून त्या धंद्याला रीतसर बूडही मिळालंय. त्यात वाईट काही नाही. पण तिथं सोललेला, पाखडलेला हुरडा द्रोणात हातात येतो आणि आपण नुसते खाणारे उरतो. शिरड शहापुरात निम्म्या स्टाफच्या घरी वावर असतं, नाहीतर पाहुण्यांचं असतं. तिथं शेतातल्या आखाड्यावर जावं आणि हुरडा स्वतः करावा.

करणं म्हणजे काय, ते आधी एकदा नीट बघण्यासारखं आहे. जमिनीत वीतभर खोल खड्डा, तीच आगटी. तीत गोवऱ्या रचून पेटवायच्या आणि जाळ बसून निखारा होईपर्यंत थांबायचं. थांबणं हाच नवशिक्यांच्या कसोटीचा भाग, कारण सगळ्यांना घाई असते. मग कणसं निखाऱ्यात खुपसायची, वरून राख ओढायची, फिरवत राहायचं. दाणा कोवळा असतो, दुधातून चिकात गेलेला. त्यातल्या साखरेचं अजून पुरतं पीठ झालेलं नसतं, म्हणून तो गोड लागतो. चार दिवस आधी तोडलं तर पाणचट, चार दिवस उशीर झाला तर ज्वारीच. कणीस बाहेर काढलं की ते गरम असतानाच दोन्ही तळव्यांत धरून चोळायचं. गार झालं की दाणा सुटत नाही. पहिल्यांदा चोळणारा चटका बसून कणीस टाकून देतो आणि सगळे हसतात. मग फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि मूठ पुढच्या माणसाच्या हातावर रिकामी करायची.

आता या कामात कोण कुठं बसतं ते पाहा. आगटी सांभाळायला मामा. दुसरं कोणी बसूच शकत नाही. शाखाधिकारी कणसाला हात घालतात तेव्हा मामा म्हणतात, “सर, थांबा जरा, हिरवं हाय अजून.” आणि सर थांबतात. वर्षभरात हे वाक्य उलट्या दिशेनं शेकडो वेळा गेलेलं असतं. भाजणाऱ्याला चोळणारे लागतात, चोळणाऱ्याला कणसं वेळेवर लागतात, खाणाऱ्यानं पाळी सोडली की हुरडा गार होतो. शेजारी कोणीतरी वांगी भाजून भरीत करतं, शेंगदाण्याची चटणी कुटतं, गूळ फोडतं. कामाची वाटणी न सांगता होते आणि कोण कशात तरबेज आहे ते दिसून येतं. वर सांगितलेल्या अभ्यासांना जे सापडलं, ते आगटीभोवती अर्ध्या तासात समोर घडतं.

वाणाबद्दलही सांगून ठेवतो. गूळभेंडी, सुरती ही जुनी नावं अजून ऐकू येतात. राहुरीच्या विद्यापीठाचा ‘फुले मधुर’ आणि जवळच्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा ‘परभणी वसंत’ हे खास हुरड्याचे वाण आहेत. साधी दादर ज्वारीही चालते. फक्त दाणा सुटायला जरा हट्टी असते.

पंगत मोठी असेल तरी बाहेरून केटरर आणायचं कारण नाही. याच भागात संक्रांतीच्या सुमारास सारंगस्वामींची यात्रा असते आणि तिथल्या महाप्रसादाची भाजी क्विंटलांच्या हिशेबानं शिजते. माळवं निवडणारे, चिरणारे, ढवळणारे, वाढणारे सगळे गावोगावचेच. एवढं पेलणाऱ्या परिसरात बारा-पंधरा माणसांचे रोडगे आणि वांग्याची भाजी म्हणजे काहीच नाही. स्वयंपाक कोण करणार हे मात्र आधी ठरवावं. आखाड्यावर गेलं की स्टाफमधल्या बायकांनी आपोआप चुलीकडे वळायचं आणि पुरुषांनी बाजेवर बसायचं, असं होणार असेल तर त्या बिचाऱ्यांचा हा रविवार घरच्या रविवारापेक्षा वेगळा कशात?

जेवणाचं आणखी एक. शिरड शहापूरचं मल्लिनाथाचं दिगंबर जैन मंदिर दूरदूरच्या भाविकांना ठाऊक आहे, आणि कार्यालयात एखादं जैन माणूस असण्याची शक्यता इथं चांगलीच. कांदा-लसूण आणि कंद टाळून एक भांडं वेगळं ठेवावं, जेवण दिवस मावळायच्या आत उरकावं. कोणाचा सोमवार, कोणाची एकादशी, कोणाचा रोजा, हे तारखेआधी विचारावं. विचारलं गेलं, याचंच माणसाला बरं वाटतं. ‘ओली’ व्यवस्था मागच्या गाडीत ठेवण्याची सूचना कोणीतरी हमखास करतं. तिला ठाम नाही म्हणायचं. ती गाडी आली की बायका लवकर निघतात, न पिणारे कोपऱ्यात जातात आणि टीमचे पुन्हा दोन तुकडे होतात.

खेळ हवेतच. रस्सीखेच, लगोरी, लंगडी, गाण्याच्या भेंड्या. गुडघे दुखणाऱ्यांना पंचाचं काम. पण फिशपाँड नको. मराठी स्नेहसंमेलनांचा हा फार लाडका प्रकार आहे: चिठ्ठीवर निनावी टोमणा लिहायचा आणि सगळ्यांसमोर वाचायचा. कॉलेजात खपून जातं. कार्यालयात ज्याच्यावर फिशपाँड पडतो, त्याला सोमवारी त्याच माणसांसमोर बसायचं असतं. चारचौघांतल्या मूल्यमापनाचा या भागाशी जुना संबंधही आहे. परंपरा सांगते की संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं. नामदेव दुखावले, आणि मग गुरूच्या शोधात निघाले ते औंढ्याला, विसोबा खेचरांपाशी. शेवट गोड झाला खरा, पण तो नामदेवांचा होता. आपल्या रोखपालाच्या डोक्यावर थापटणं मारून तो औंढ्याला जाईल याची खात्री नाही. बदलीचा अर्ज मात्र नक्की टाकेल.

कायद्याच्या दोन गोष्टी आयोजकाला माहीत असाव्यात. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या अधिनियमात ‘कामाचं ठिकाण’ म्हणजे फक्त कार्यालय नव्हे. कामानिमित्त गेलेली जागा आणि मालकानं दिलेलं वाहनही त्यात येतं. आखाडा आणि तिकडे नेणारी क्रूझर दोन्ही धरा. दुसरी गोष्ट रविवारची. सहल ‘ऐच्छिक’ म्हणायची आणि न येणाऱ्याचं नाव टिपून ठेवायचं, ही चलाखी सगळ्यांना कळते. २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात साप्ताहिक सुट्टी बुडाली तर बदली सुट्टीची तरतूद आहे; ती न मागता द्यावी, किंवा सरळ कामाच्या दिवशी अर्धा दिवस शटर ओढावं. शेतात शौचालय आहे का, हे आधी जाऊन बघून यावं. सिद्धेश्वरच्या पाण्यात कोणालाही उतरू देऊ नये, पोहता येणाऱ्यालाही. आणि चालक, पहारेकरी, सफाईच्या ताई कंत्राटदाराच्या असल्या तरी पंगतीत त्यांची पानं असावीत. वर्गणी काढायची असेल तर पगाराच्या प्रमाणात काढावी.

जेवणानंतर, सुस्ती चढायच्या आत, झाडाखाली अर्धा तास कामाचा काढावा. भाषणं नकोत. एकच प्रश्न: कोणतं काम दोघं करतात आणि कोणतं कोणीच करत नाही? पतसंस्थेत उत्तर बहुधा पासबुक भरण्यापाशी किंवा थकबाकीदाराच्या घरी जाण्यापाशी येऊन थांबतं. मामांना पहिल्यांदा बोलू द्यावं. गिऱ्हाईक दारातून काय पुटपुटत परत जातं, ते फक्त त्यांनाच ऐकू येतं. ठरलेल्या दोन-तीन गोष्टी कागदावर लिहून बॅनरच्या फोटोबरोबर तोही कागद हेडऑफिसला पाठवावा. बॅनरचा फोटो पाहून तिथं ‘छान’ म्हणतील. कागदावर काय म्हणतील ते बघू.

तारखेचं राहिलं. रब्बी ज्वारीची पेरणी पुढे-मागे झाली तशी कणसंही पुढे-मागे हुरड्यावर येतात. एका तुकड्याचा हुरडा जेमतेम आठ-दहा दिवस टिकतो. म्हणून साहेबांच्या सवडीवरून तारीख काढली की फसते. डिसेंबरातच वावरवाल्याला फोन करावा, तो सांगेल तो आठवडा धरावा आणि साहेबांच्या डायरीत नंतर लिहावा. महाशिवरात्रीपर्यंत थांबू नये. तेव्हा औंढ्याकडचा रस्ता यात्रेकरूंनी भरलेला असतो आणि कणसंही बहुतेक कडक झालेली असतात.