प्रसूतीचा मार्ग आणि मातेवरील दोषारोप

बाळंतिणीच्या भेटीस येणाऱ्या मंडळींचा पहिला प्रश्न मुलगा की मुलगी हा असतो. दुसरा बहुधा ‘नॉर्मल झाले की सिझर?’ हा. या दुसऱ्या उत्तरावरून पुष्कळदा त्या स्त्रीच्या सोशिकपणाची किंमत केली जाते. शस्त्रक्रिया झाली असेल तर तिला कळा सोसवल्या नाहीत, ती नाजूक निघाली, अशी बोलणी तिच्या कानी येतात. उलट, नैसर्गिक प्रसूतीची वाट पाहू इच्छिणारी स्त्री बाळाच्या जिवाशी खेळणारी हट्टी ठरते. मूल कोणत्या मार्गाने यावे हे आईच्या धैर्यावर अवलंबून असते, अशी समजूत या दोन्ही निवाड्यांच्या मुळाशी आहे.

वस्तुतः कळा म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूंचे आकुंचन होय, आणि ते अनैच्छिक असते. हृदयाचे ठोके जसे मनात आणून वाढविता येत नाहीत, तशाच कळाही. शेवटच्या टप्प्यात जोर करणे एवढेच बहुतांशी स्त्रीच्या हाती असते. कळांच्या रेट्याने मुलाचे डोके कटिराच्या हाडांमधील वाटेने खाली सरकते. ही वाट सरळ नळीसारखी नाही. वरच्या तोंडाशी ती आडवी अधिक रुंद, तर खालच्या तोंडाशी पुढून मागे अधिक रुंद असते. म्हणून डोक्याला वाटेत वळावे लागते. कवटीची हाडे अद्याप सांधलेली नसल्यामुळे ती एकमेकींवर किंचित चढतात आणि डोके वाटेच्या मापाचे होते. परंतु मूल आडवे असले, किंवा डोके आणि वाट यांचे माप जुळत नसले, तर हा मार्ग बंदच होतो. वार गर्भाशयाच्या मुखावर पसरलेली असली तर मुख उघडू लागताच भयंकर रक्तस्राव होतो. येथे सोशिकपणाचा काहीच उपयोग नाही.

अशा अडलेल्या बाळंतिणीला पूर्वी सहसा वाचविता येत नसे. 1876 मध्ये इटलीतील पाव्हिया येथे एदुआर्दो पोरो यांनी मूल बाहेर काढल्यावर रक्तस्राव थांबविण्यासाठी गर्भाशयच काढून टाकले, आणि माता जगली. 1882 मध्ये जर्मनीतील माक्स झेंगर यांनी गर्भाशयाची जखम नीट शिवण्याची पद्धत मांडली. तोवर ती बहुधा न शिवताच सोडीत! पुढे जंतुनाशन, रक्तसंक्रमण व पेनिसिलिन यांनी ही शस्त्रक्रिया पुष्कळच सुरक्षित केली.

सुरक्षितता वाढली तशी तिची संख्याही वाढली. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील 21.5 टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्याचे आढळले. 2015-16 मध्ये हे प्रमाण 17.2 टक्के होते. याहून बोलका तपशील असा की, 2019-21 मध्ये सरकारी रुग्णालयांत ते 14.3 टक्के, तर खाजगी रुग्णालयांत 47.4 टक्के होते. तेलंगणात 60.7 टक्के आणि नागालँडमध्ये अवघे 5.2 टक्के. तेलंगणातील स्त्रियांची हाडे निराळी आहेत किंवा नागा स्त्रिया बारापट धीराच्या आहेत, असे कोणी म्हणणार नाही. रुग्णालय किती जवळ आहे, तेथे शल्यविशारद आहे काय, कळांची वाट पाहण्यास डॉक्टरांना सवड आहे काय, बिल किती होते, कुटुंबाने मुहूर्त काढला आहे काय, यांवर पुष्कळ ठरते. काही स्त्रिया वेदनेच्या भयाने स्वतः शस्त्रक्रिया मागतात हे खरे. पण वेदना कमी करण्याची सोय जेथे नाही तेथे त्या भयाला हसणे सोपे आहे.

अनावश्यक शस्त्रक्रिया निरुपद्रवी नव्हे. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका तीत असतो, आणि पुढच्या गर्भारपणी वार जुन्या व्रणात रुतून बसण्याची शक्यता वाढते. देशाच्या लोकसंख्येत हे प्रमाण 10 टक्क्यांच्या पुढे गेल्याने माता व अर्भके यांचे मृत्यू आणखी घटत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितले. मात्र ठराविक आकडा गाठण्यापेक्षा गरजू स्त्रीला शस्त्रक्रिया मिळावी, हेही त्याच निवेदनात आहे. हा आकडा समाजाचा आहे. एका स्त्रीच्या खाटेशी तो लावणे गैर होय.

बोल लागेल या धास्तीने घरच्यांनी संमती लांबविली तर काय होते? मुलाचे डोके मूत्राशयाला हाडावर तासन् तास दाबून धरते, तेथील रक्तपुरवठा तुटतो आणि भाग झडून भोक पडते. मूल बहुधा दगावते, आणि स्त्रीची लघवी सतत गळू लागते.

एकदा सिझर म्हणजे नेहमीच सिझर, हेही आता खरे नाही. हे वचन न्यूयॉर्कच्या क्रेगिन यांनी 1916 मध्ये काढले, ते पहिली शस्त्रक्रिया विनाकारण करू नये या इशाऱ्यापोटी. तेव्हा छेद गर्भाशयाच्या वरच्या भागात उभा घेत. आता तो खालच्या भागात आडवा घेतात व तो अधिक मजबूत भरून येतो. योग्य निवड केल्यास प्रयत्न करणाऱ्या दहांपैकी सहा ते आठ स्त्रियांची पुढची प्रसूती नैसर्गिक रीत्या होते. व्रण फाटण्याचा धोका थोडा, हजारी सुमारे पाच, असतो. म्हणून हा प्रयत्न शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच करावा लागतो. पहिल्या वेळी छेद कसा घेतला आणि कोणत्या कारणाने, हे त्या वेळच्या डॉक्टरांना कळणे अवश्य असते. यासाठी घरी जाताना मिळालेला रुग्णालयाचा कागद जपून ठेवावा.