गाडीची पिन लावली का?

पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी गाडी बरी, की नुसत्या विजेवरची? एका घराचा अनुभव आणि हिशेबाची वही.

मैत्रिणींनो, नवीन गाडी घ्यायची ठरली की घरात काय काय बोलणी होतात ते तुम्हाला सांगायला नको. रंग कोणता, डिकी केवढी, मागच्या सीटवर तीन माणसं नीट बसतात की नाही! आमच्याकडेही हेच झालं. पण माझ्या मनात एकच प्रश्न होता आणि तो मी कुणाला बोलून दाखवला नव्हता. रात्री दीड वाजता हिंगणीहून फोन आला, तर ही गाडी मला आईपर्यंत नेईल का?

हिंगणी माझं माहेर. वर्ध्याहून सेलूमार्गे बोर धरणाकडे जाताना लागतं, आमच्या घरापासून तीसेक किलोमीटर. पुढे बोरचं जंगल. २०१४ पासून तो व्याघ्रप्रकल्प आहे. आई तिथे एकटी राहते. वय पंचाहत्तरच्या पुढे, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, आणि 'मी नाही यायची तुमच्या त्या वर्ध्याला' हा हट्ट. माहेरी एकटी आई असलेल्या माझ्या वाचक भगिनींना पुढचं समजावून सांगायची गरज नाही.

दोन चुलींचं घर

ह्यांचं मत होतं नुसत्या विजेच्या गाडीचं. माझी धाकटी जाऊ इंग्लंडात असते, तिच्याकडे 'प्लग-इन हायब्रिड' आहे. ती फोनवर म्हणाली, "ताई, तीच घ्या. वीज संपली तर पेट्रोल आहेच. काळजी नको."

हे प्रकरण काय, ते आधी साध्या शब्दांत सांगते. समजा, तुमच्या ओट्यावर गॅसची शेगडी आहे आणि शेजारी विजेची शेगडीही आहे. रोजचा चहा-भात विजेवर, आणि पाहुणे आले किंवा वीज गेली की गॅस. प्लग-इन हायब्रिड म्हणजे असं दोन चुलींचं घर. तिच्यात पेट्रोलचं इंजिनही असतं आणि बॅटरीही. ही बॅटरी घरच्या पिनवर भरता येते, आणि तेवढ्यावर गाडी साधारण चाळीस ते ऐंशी किलोमीटर जाते. पुढे पेट्रोल. चीनमध्ये अशी गाडी २००८ च्या अखेरीस विक्रीला आली, अमेरिकेत २०१० च्या अखेरीस.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण शोरूममध्ये इथेच गोंधळ होतो. आपल्या रस्त्यांवर 'हायब्रिड' अशी पट्टी लावलेल्या ज्या गाड्या दिसतात, त्यांतल्या बहुतेकींना पिन लावायची सोयच नसते. त्या स्वतःच्या इंजिनावर आणि ब्रेक दाबताना वाया जाणाऱ्या जोरावर छोटी बॅटरी भरतात. पेट्रोल कमी खातात हे खरं, पण शेवटी खातात पेट्रोलच. पिन लावायच्या हायब्रिड आपल्याकडे आजवर आल्या त्या बहुतेक महागड्या, परदेशी कंपन्यांच्या. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या हायब्रिडवर जीएसटी ४० टक्के आहे आणि नुसत्या विजेच्या गाडीवर ५ टक्के. तेव्हा आमच्या खिशापुरता प्रश्न सुटला. आम्ही २४ युनिट बॅटरीची छोटी विजेची गाडी घेतली. मनातला प्रश्न मात्र तसाच राहिला.

जावेची वायर डिकीतच

जावेचा अनुभव ऐकण्यासारखा आहे. पहिली दोन वर्षं ती फ्लॅटमध्ये राहत होती. गाडी रस्त्यावर उभी, घर तिसऱ्या मजल्यावर. पिन लावणार कुठे? वायर डिकीत गुंडाळलेली ती गुंडाळलेलीच. गाडी आपली पेट्रोलवर पळे आणि वर त्या रिकाम्या बॅटरीचं ओझंही वाही. सर्व्हिसिंगचा खर्च तर चुकला नव्हताच, कारण इंजिन आहे तिथे तेलपाणी आलंच. मग त्यांनी अंगण असलेलं घर घेतलं, रोज रात्री पिन लावू लागली, आणि त्याच गाडीला आता दोन-दोन महिने पेट्रोल लागत नाही! गाडी तीच, बाई तीच, फरक फक्त अंगणाचा आणि सवयीचा.

हे तिच्या एकटीचं नाही. युरोपीय आयोगाने २०२१ साली नोंदलेल्या गाड्यांची रस्त्यावरची प्रत्यक्ष माहिती तपासली. २०२४ च्या अहवालात असं निघालं, की प्लग-इन हायब्रिड गाड्या कागदावरच्या आकड्यापेक्षा सरासरी साडेतीन पट कार्बन डायऑक्साइड सोडतात. मोठं कारण हेच, की लोक पिन लावत नाहीत. पेट्रोल आहे म्हटल्यावर आळस चालतो. रात्री विरजण लावलं नाही तर सकाळी दही नाही, हे आपल्याला ठाऊक असतं म्हणून आपण विसरत नाही. घराखालीच डेअरी असती, तर किती जणींनी रोज विरजण लावलं असतं?

हिशेबाची वही

महिन्याला हजार किलोमीटर, पेट्रोल १०५ रुपये लिटर, आणि घरच्या बिलातला वरच्या टप्प्यातला दर साधारण १४ रुपये युनिट धरून मी वहीत हे मांडलं :

साधी पेट्रोल गाडी, लिटरला १६ किलोमीटर : सुमारे ६,५५० रुपये.
पिन नसलेली हायब्रिड, लिटरला २२ किलोमीटर : सुमारे ४,७५० रुपये.
प्लग-इन हायब्रिड, रोज पिन लावून (६०० किलोमीटर विजेवर, ४०० पेट्रोलवर) : सुमारे ४,००० रुपये.
तीच गाडी, पिन न लावता, लिटरला १५ किलोमीटर : सुमारे ७,००० रुपये.
नुसती विजेची, युनिटला ७ किलोमीटर, वर गळतीची थोडी युनिटं धरून : सुमारे २,२५० रुपये.

चौथी ओळ पुन्हा वाचा. पिन न लावलेली दोन चुलींची गाडी साध्या पेट्रोल गाडीहून महाग पडते!

वरच्या टप्प्याचा दर का धरला, असं विचाराल. घरगुती बिलात १०० युनिटांपर्यंत एक दर, ३०० पर्यंत दुसरा, पुढे आणखी चढे दर. गाडीची दीडशे युनिटं घरच्या युनिटांच्या डोक्यावर चढून बसतात, म्हणून ती महागड्या टप्प्यातच मोजायची. विक्रेता हे सांगत नाही.

आणि आणखी एक गंमत कुणीच सांगत नाही. पूर्वी पेट्रोलचे पैसे ह्यांच्या पाकिटातून जात. विजेचं बिल मात्र मी घरखर्चातून भरते. गाडी आली आणि महिन्याचा दोन-अडीच हजारांचा खर्च पाकिटातून उठून गुपचूप माझ्या डब्यात येऊन बसला! दोन महिने मला कळेचना, पैसे पुरत का नाहीत. मग गाडीच्या पॉइंटला वेगळा सबमीटर बसवला. आता महिनाअखेर आकडा वाचते आणि ह्यांच्यापुढे हात पसरते. हे हसतात, पण देतात. तुम्हीही पहिल्या दिवशीच हे ठरवून घ्या.

मे महिन्यातली ती रात्र

आता मनातल्या प्रश्नाकडे येते. गेल्या वर्षीचा मे महिना. पारा ४५ च्या वर. हिंगणघाटचं लग्न आणि गावातली कामं धरून दिवसभरात शंभरावर किलोमीटर झाले होते. रात्री दहाला मी पोर्चमध्ये पिन लावली आणि झोपले.

दीड वाजता फोन. हिंगणीची शेजारीण. "काकूले चक्कर आली, उलट्या थांबून नाही राहिल्या."

धावत बाहेर आले तो गाडीची पिन जमिनीवर, आणि त्या पॉइंटवर कूलर! घरात पाहुणे होते. गच्चीवर उकडतंय म्हणून कुणीतरी कूलर खाली आणून लावला. त्यांचा काय दोष? १५ अँपिअरचा पॉइंट बाहेर तेवढा एकच होता. गाडीत २८ टक्के. उन्हाळ्यात एसी लावून जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर. हिंगणी तीस, आणि तिथून आईला घेऊन सेवाग्रामला उलट आणखी पस्तीस. म्हणजे मधेच, रात्री, सेलूच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी गाडी बसली असती.

खोटं कशाला सांगू? त्या क्षणी मला जावेच्या पेट्रोलच्या टाकीचा हेवा वाटला. डोळ्यांत पाणीच आलं.

ह्यांनी मात्र तोवर १०८ ला फोन लावला होता. मी शेजारणीला म्हटलं, "तू आईजवळ बस, गोळ्यांची पिशवी सोबत दे." आम्ही हिंगणीला न जाता सरळ सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयाच्या दारात जाऊन उभे राहिलो. तेवढ्याला २८ टक्के पुरून उरले. आई रुग्णवाहिकेतून आली. उन्हाने अंगातलं मीठ कमी झालं होतं. सलाइन लागलं, तिसऱ्या दिवशी हसत घरी. येताना म्हणाली, "काऊन वं, तुह्या गाडीलेच चक्कर आली व्हती म्हने?"

नंतर शांतपणे विचार केला. गाडी भरलेली असती तरी आजारी माणसाला तासभर मागच्या सीटवर बसवून आणण्यापेक्षा १०८ बोलावणंच शहाणपणाचं होतं. पण गाडी रिकामी राहिली हा दोष विजेचा नव्हता, आमच्या घराच्या व्यवस्थेचा होता. पेट्रोलची टाकी रिकामी राहिली असती तरी रात्री दीडला पंप कुठे शोधणार होतो?

आईच्या घरचं अर्थिंग

त्या आठवड्यातच आम्ही दोन कामं केली. पोर्चमध्ये गाडीसाठी मीटरपासून स्वतंत्र, जाड वायरची लाइन घेतली. कूलरचा पॉइंट वेगळा. आणि चार्जर घेऊन हिंगणीला गेलो. आईच्या घरी पिन लावली तर चार्जरवर लाल दिवा! तीन भोकांचा सॉकेट होता, पण तिसरं भोक नावालाच. अर्थिंग जोडलेलंच नव्हतं. गाडीचा चार्जर असल्या ठिकाणी वीज घेत नाही, आणि ते आपल्या भल्याचंच आहे. वायरमनने अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा घालून नवं अर्थिंग केलं. लाल दिवा गेला, हिरवा आला. त्याच सॉकेटवर आईचा फ्रिज आणि पाण्याची मोटर इतकी वर्षं विनाअर्थिंग चालत होती, हे कळल्यावर माझ्या अंगावर काटा आला. गाडीच्या निमित्ताने ते घर सुरक्षित झालं.

१५ अँपिअरच्या पॉइंटवर तासाला साधारण तीन युनिटं भरतात. म्हणजे आईकडे जेवण, गप्पा आणि दुपारची झोप होईपर्यंत परतीची सोय होते. सार्वजनिक चार्जरवर काम लवकर होतं, पण दर घरच्यापेक्षा चढा, आणि तो रिकामा असेल याची हमी नाही. २०१७ च्या मेमध्ये नागपुरात विजेवरच्या टॅक्सी मोठ्या थाटात सुरू झाल्या, तेव्हा चार्जरच्या रांगेत चालकांचे तास जात आणि काहींनी गाड्या परतही केल्या. आता चार्जर वाढले आहेत, समृद्धी महामार्गावर विजेच्या गाडीला टोलमाफीही आहे. तरी माझं मत, घरचा पॉइंट नसेल तर विजेची गाडी घेऊ नये.

घेण्यापूर्वी एवढं पाहा

१. गाडी उभी राहते तिथे आपल्या मीटरवरून लाइन येईल का? फ्लॅटमध्ये सोसायटीची लेखी परवानगी आधी, गाडी नंतर.
२. स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी, पक्कं अर्थिंग. एक्स्टेंशन बोर्ड कधीही नाही.
३. महिनाभर रोजचे किलोमीटर वहीत लिहा. बहुतेक दिवस चाळीसच्या आत निघतील.
४. महिन्यातून चार-पाचदा तीनशेच्या वर लांबचा प्रवास असेल, तर पिन नसलेली हायब्रिड बरी.
५. सासर-माहेरी अर्थिंग तपासून घ्या, गाडी घेणार नसाल तरी.
६. भर उन्हातून आल्यावर गाडी सावलीत थोडी निवू द्या, मग पिन लावा. रोज किती टक्के भरायचं ते गाडीच्या पुस्तिकेत पाहा.
७. बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षं असते. कागद जपून ठेवा.
८. छत आपलं असेल तर सौर पॅनेलची चौकशी करा. २०२४ पासून केंद्राच्या योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आपली वीज अजून बरीचशी कोराडी, चंद्रपूरच्या कोळशावर येते. तेव्हा 'धूर नाही' असा टेंभा मिरवू नये. आपल्या दारात नाही, एवढंच.

आमच्या घरी आता नियम आहे. झोपण्यापूर्वी गॅस बंद, मागचं दार बंद, गाडीची पिन लावलेली. आणि गाडी निम्म्याच्या खाली कधीच नाही. मला गिअर नसलेली ही गाडी चालवायलाही जमते. दर रविवारी मी एकटी हिंगणीला जाऊन येते, कुणाला 'सोडता का' म्हणावं लागत नाही.

आईचा फोन रोज रात्री नऊला येतो. पूर्वी पहिला प्रश्न असे, "जेवली का?" आता दोन असतात.

"जेवली का? अन् गाडीची पिन लावली का?"