शेतकरी कुटुंबांचे सर्वेक्षण आणि कृषिविकास : शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

कृषिविकासाची योजना आखण्यापूर्वी ती कोणासाठी आहे आणि त्याची खरी अडचण कोणती, हे निश्चित करावे लागते. ही माहिती कुटुंब सर्वेक्षणातून मिळते. मात्र सर्वेक्षणाचे एकक चुकले, तर पुढील आकडेमोड कितीही काटेकोर असली तरी योजना भलत्याच दारी पोहोचते. प्रस्तुत लेखात या पद्धतीविषयक प्रश्नाचे विवेचन केले आहे.

पूर्वपीठिका

या अभ्यासपरंपरेचा उगम पुणे जिल्ह्यातच आढळतो. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास 1917 मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर 1921 मध्ये त्यांनी व न. वि. कानिटकर यांनी शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पिंपळे सौदागर येथे 1771 मध्ये सरासरी 40 एकर असलेली धारणा 1914-15 पर्यंत 7 एकरांवर आल्याचे मॅन यांनी दाखविले. परंतु ते सरासरीवर थांबले नाहीत. प्रत्येक कुटुंबाची मिळकत व गरज यांचा मेळ घालून त्यांनी तीन गट पाडले : केवळ शेतीवर निभावणारी, शेतीला बाहेरच्या मजुरीची जोड देऊन निभावणारी आणि दोन्ही असूनही न निभावणारी कुटुंबे. आजही रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींत कामाला जाणाऱ्या सदस्याची मिळकत वगळली, तर घरच्या शेतीचा ताळेबंद समजत नाही.

एकक : खाते की चूल?

महाराष्ट्रात कृषिगणना मुख्यत्वे महसुली अभिलेखांवरून संकलित होते व तिचे एकक वहिती खाते हे असते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात मात्र एका चुलीवर जेवणारे कुटुंब हे एकक मानतात. एका सातबाऱ्यावर तीन भावांची नावे असून चुली तीन असू शकतात; उलट एका चुलीमागे दोन-तीन खातीही असतात. तोंडी बोलीवर जमीन कसणारा वाटेकरी आणि नाव नसताना निंदणी-खुरपणीपासून जनावरांपर्यंत सर्व पाहणारी स्त्री अभिलेखात दिसत नाहीत. याचा परिणाम प्रत्यक्ष आहे. 2019 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजनेचा लाभ जमिनीच्या नोंदीवर अवलंबून असल्याने वाटेकरी तीतून वगळला जातो. म्हणून ‘जमीन कोणाची?’ या प्रश्नाबरोबर ‘कसते कोण, विकते कोण व पैसा कोणाच्या हाती येतो?’ हे प्रश्न स्वतंत्रपणे विचारले पाहिजेत, आणि शक्यतो घरातील स्त्रीलाही विचारले पाहिजेत.

नमुना निवड

केवळ तालुकानिहाय नमुना घेणे पुरेसे नाही. दोन्ही तालुके पर्जन्यछायेत येतात. तेथील शेती पाण्याच्या स्रोताने विभागली आहे. दौंडमध्ये मुठा उजव्या कालव्याखाली व भीमाकाठी ऊस आहे, तर कालव्यापासून दूरच्या माळावर ज्वारी-बाजरी आहे. शिरूरमध्ये घोड व चासकमान प्रकल्पांच्या लाभक्षेत्रातील गावे आणि पाबळ-कान्हूर मेसाई परिसरातील टंचाईग्रस्त गावे यांच्या गरजा एक नाहीत. सबब गावांचे कालवा, नदी, विहीर व कोरडवाहू असे स्तर पाडून प्रत्येकातून कुटुंबे निवडावीत. ऊसतोडणीसाठी बाहेरून येऊन कोपीत राहणारी कुटुंबे गावच्या यादीत नसतात. त्यांची नोंद वेगळी घ्यावी.

संदर्भकाळ व मोजमाप

आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने शेतात असतो. त्यामुळे एका वर्षाच्या हिशेबात खर्च येतो, परंतु उत्पन्न येतेच असे नाही. कांद्याची मिळकतही भावानुसार दरवर्षी बदलते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 77 व्या फेरीत (2019) त्याच कुटुंबाला दोन वेळा भेट दिली गेली. जुलै-डिसेंबर 2018 व जानेवारी-जून 2019 असे वर्षाचे दोन भाग केल्याने स्मरणावरील भार कमी झाला. हाच मार्ग महाविद्यालयीन सर्वेक्षणांनाही अनुसरता येईल. उत्तर गुंठा, पोते, पायली, गोणी अशा ज्या मापात मिळेल त्याच मापात प्रथम लिहावे. रूपांतर नंतर करावे. घरी वापरलेले धान्य, चारा व घरच्यांचे श्रम यांचीही नोंद आवश्यक आहे.

समारोप

77 व्या फेरीनुसार देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न 10,218 रुपये होते. या आकड्यातून पाबळच्या माळावरील कुटुंबाला चाऱ्याची गरज आहे की ठिबक संचाची, हे कळत नाही. ते कळण्यासाठी त्या घराचा जमाखर्च त्याच्याच उंबरठ्यावर बसून मांडावा लागतो. ग्रामीण महाविद्यालयांतील प्राध्यापक व विद्यार्थी हे काम करू शकतात. त्यांतील अनेक विद्यार्थी याच घरांतून येतात. मात्र काढलेले निष्कर्ष ग्रामसभेपुढे वाचून दाखविण्याची जबाबदारीही त्यांनी स्वीकारावी. ज्यांनी माहिती दिली त्यांना ती तपासण्याचा व दुरुस्त करण्याचा पहिला अधिकार आहे.