अवधच्या खैरुनपासून सोनबाईपर्यंत

हिंदी सिनेमात लखनौ आधीपासून होतं, पण ते एका ठरावीक चौकटीतलं. १९६० चा ‘चौदहवीं का चाँद’ घ्या किंवा १९६३ चा ‘मेरे महबूब’. नवाबी हवेल्या, शेरवान्या, शेरोशायरी, आणि बाई असायची ती बुरख्यातली प्रेयसी नाहीतर कोठ्यावरची तवायफ. शहरापासून काही तासांवरच्या खेड्यात सासूचं दुखणंखुपणं काढत, मुंबईला गेलेल्या नवऱ्याच्या मनीऑर्डरकडे डोळे लावून बसलेली बाई या लखनौत कुठेच नव्हती. १९७८ साली ‘गमन’ आला आणि ती पडद्यावर आली. तिला उभं केलं पुण्यात जन्मलेल्या, खानदेशी घरातल्या स्मिता पाटीलनं.

‘गमन’चे दिग्दर्शक मुजफ्फर अली जन्मानं लखनौचे, कोटवारा संस्थानाच्या घराण्यातले. त्यांचा हा पहिलाच चित्रपट. गुलाम हसन (फारूख शेख) मित्राच्या सांगण्यावरून आई आणि बायको खैरुन (स्मिता) यांना मागे ठेवून मुंबईला येतो, टॅक्सी चालवू लागतो आणि परतीच्या भाड्याइतके पैसे काही साठत नाहीत. गोष्ट त्याची आहे, तरी मला ती कायम खैरुनची वाटत आली आहे. स्मिताला इथे संवाद अगदी थोडे. जयदेव यांचं संगीत आणि छाया गांगुली यांचा आवाज यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, ते रास्तच होतं. पण छाया गांगुलींच्या गाण्यातली रात्र आपल्याला खरी वाटते ती खैरुनच्या चेहऱ्यामुळे. रडून सहानुभूती मागणारी बायको रंगवणं सोपं होतं. स्मितानं वाट पाहणं हे एक काम असल्यासारखं, रोजच्या राबण्याचा भाग म्हणून दाखवलं. स्थलांतरावरच्या चर्चेत मागे राहिलेल्या बाईची बाजू आजही क्वचितच येते. इथे ती पंचेचाळीसहून अधिक वर्षांपूर्वी आलेली आहे.

हे तिला जमलं त्याची मुळं घरात होती. जन्म १७ ऑक्टोबर १९५५ चा. वडील शिवाजीराव पाटील राजकारणात, आई विद्याताई समाजकार्यात, आणि स्वतः तिच्यावर राष्ट्र सेवा दलाचे संस्कार. मुंबई दूरदर्शनवर ती मराठी बातम्या वाचायची. श्याम बेनेगल यांनी तिला ‘चरणदास चोर’ आणि ‘निशांत’मध्ये घेतलं, मग १९७६ मध्ये ‘मंथन’. १९७७ साल तर एकट्या तिचंच म्हणावं असं: ‘जैत रे जैत’मधली ठाकर समाजातली चिंधी, आणि हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर आधारलेल्या ‘भूमिका’मधली उषा. ‘भूमिका’नं तिला पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला तेव्हा ती जेमतेम बावीस-तेवीस वर्षांची होती.

सावळ्या रंगाच्या मुलीनं नायिका व्हावं, ही गोष्ट त्या काळात साधी नव्हती. दूर अमेरिकेत पोर्तो रिकोत जन्मलेल्या रिटा मोरेनोच्या वाट्याला उलटा प्रकार आला होता. ‘वेस्ट साइड स्टोरी’साठी तिच्या कातडीवर गडद रंग चढवला गेला. त्या भूमिकेला ऑस्कर मिळालं, पण पुढे तशाच साचेबंद भूमिका येत राहिल्या आणि तिनं कित्येक वर्षं त्या नाकारल्या. एकीचा रंग गडद करायचा, दुसरीला तिच्या रंगावरून मोजायचं. दोन्हीकडे बाई कशी दिसावी हे ठरवणारे लोक वेगळेच होते.

१९८१ मध्ये स्मिता पुन्हा उत्तर प्रदेशच्या मातीकडे वळली, प्रेमचंदांच्या वाटेनं. प्रेमचंदांनी लखनौत ‘माधुरी’ मासिकाचं संपादन केलं होतं, आणि १९३६ मध्ये प्रगतिशील लेखक संघाच्या पहिल्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते, तेही लखनौतच. त्यांच्या ‘सद्गती’वर सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी चित्रपट केला. ओम पुरी दुखी, मोहन आगाशे ब्राह्मण घासीराम आणि स्मिता झुरिया. लाकूड फोडताफोडता दुखी मरतो. त्यानंतर पावसात झुरिया ब्राह्मणाच्या दारात येऊन जो आक्रोश करते, त्यात दुःखाइतकाच जाब आहे. माझ्या मते तिच्या सगळ्या कामातली ही सर्वांत धारदार काही मिनिटं.

त्याच वर्षीच्या ‘चक्र’नं तिला दुसरा राष्ट्रीय पुरस्कार दिला आणि एक कडू अनुभवही. जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा हा चित्रपट झोपडपट्टीतल्या जगण्याचा. जाहिरातीत मात्र सार्वजनिक नळावर अंघोळ करणारी तिची आकृती झळकली. बाईचं अर्धं उघडं शरीर दाखवून प्रेक्षक ओढायच्या या रीतीवर ती मुलाखतीत स्पष्ट बोलली. मुंबईतल्या विमेन्स सेंटरशी ती जोडलेली होती, त्यामुळे हे बोलणं पडद्यापुरतं राहिलं नाही. १९८२ च्या ‘उंबरठा’तली सुलभा महाजन घर सोडून महिला सुधारगृहाची अधीक्षिका होते, ती भूमिका तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाची मी कल्पनाही करू शकत नाही. ‘नमक हलाल’, ‘शक्ती’ अशा व्यावसायिक चित्रपटांतही ती त्याच सुमारास दिसली. त्यांबद्दल तिला बोल लावणाऱ्यांचं मला कधी पटलेलं नाही. मोठ्या पडद्यावर जागा मिळवणं हाही समान हक्काचाच भाग आहे.

१९८५ मध्ये पद्मश्री, १३ डिसेंबर १९८६ ला बाळंतपणानंतर मृत्यू. वय ३१. केतन मेहता यांचा ‘मिर्च मसाला’ नंतर प्रदर्शित झाला. त्यात मिरचीच्या कारखान्यातल्या बायका सुभेदाराच्या तोंडावर तिखट फेकतात, आणि हाती विळा घेतलेली, स्मितानं साकारलेली सोनबाई त्यांच्या मध्ये उभी असते.

एक गोष्ट मात्र तिच्या पिढीकडून राहून गेली. खैरुन, चिंधी, झुरिया या बायका पडद्यावर आल्या, पण त्यांच्या वस्तीतून आलेल्या अभिनेत्री आल्या नाहीत. स्मितानं या बायकांना पूर्ण माणूसपण दिलं, तरी त्या भूमिका शहरात वाढलेल्या, राजकीय घरातल्या मुलीनं केल्या होत्या. मराठीत हे चित्र ठळकपणे बदललं ते नागराज मंजुळे यांच्या चित्रपटांमुळे. २०१६ च्या ‘सैराट’मध्ये अकलूजच्या शाळकरी रिंकू राजगुरूनं आपल्याच बोलीत आर्ची उभी केली, आणि राष्ट्रीय पुरस्कारांत तिच्या अभिनयाची खास दखल घेतली गेली. अवधच्या खेड्यातल्या एखाद्या मुलीला हिंदीत अशी संधी कधी मिळणार, हा प्रश्न आता लखनौत चित्रीकरणासाठी येणाऱ्या निर्मात्यांना विचारायला हवा.