किल्ली कमरेला, ऊस बांधाला



ज्याच्यावाचून घरातले पान हलत नाही तो खरा कारभारी, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. मीही चाळीस वर्षे याच समजुतीवर शेती केली. ती मला किती महागात पडली, ते आधी सांगतो.

माझी सहा एकर बागाईत. मोटारीच्या पेटीची किल्ली माझ्या कमरेला, लागणीच्या तारखा माझ्या खिशातल्या वहीत, आणि सोसायटीचे देणे-घेणे माझ्या डोक्यात. मुलगा बत्तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, पण मोटार चालू करायची तरी "दादा, करू का?" असे विचारायचा. मला त्याचा अभिमान वाटे. पोरगं किती आज्ञेत आहे बघा!

एका जुलैत चार एकर आडसाली लावली आणि आठवड्याच्या आत मी अंथरूण धरले. दीड महिना दवाखान्यात काढला. लागणीची नोंद गट ऑफिसला द्यायची राहून गेली. मुलाला वाटले, दादांनी दिली असणार. घरी आल्यावर माझ्याही ध्यानातून ती निघून गेली. दुसऱ्या वर्षी हंगाम सुरू झाला, शेजारच्यांच्या फडात टोळ्या आल्या, आमच्या बांधावर कोणी फिरकेना. चौकशी केली तर तोडणीच्या यादीत आमचे नावच नाही. उशिरा नोंद झाली आणि ऊस तुटला एप्रिलात. तुरा येऊन गेलेला, कांडी आतून पोकळ. काट्यावरचे वजन बघून मी खालीच बसलो. मुलगा रागाने एक शब्द बोलला नाही. एवढेच म्हणाला, "दादा, वही एकदा माझ्या हातात दिली असती तर..."

त्या दिवशी कळले, की मी मुलाला आज्ञेत ठेवले होते, तयार मात्र केले नव्हते.

आता कारखान्याचा विचार करा. तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांत गव्हाणीत पडावा लागतो. जास्त रेंगाळला की वजनही घटते आणि साखरेचा उताराही. तेवढ्या वेळात शेतकी खाते, मुकादमाची टोळी, वाहतूक, काटा आणि मिल अशा किती हातांतून काम जाते! प्रत्येक पायरीवर वरची सही लागू लागली, तर ऊस गाडीतच वाळेल. म्हणून संचालक मंडळाने धोरण ठरवायचे, कार्यकारी संचालकांनी ते राबवायचे आणि शेतकी अधिकारी, इंजिनिअर, केमिस्ट यांनी आपापले खाते सांभाळायचे, अशी वाटणी असते.

ही वाटणी मोडण्यात आपलाही हात असतो, हे कबूल करायला हवे. आपली पाळी चार दिवस पुढे दिसली की आपण गट ऑफिसला न जाता थेट संचालकांना फोन लावतो. तेही माणसेच, शब्द टाकतात. मग ज्याच्यावर काम सोपवले त्या शेतकी अधिकाऱ्याचे पाळीपत्रक कागदावरच राहते, आणि ज्याचा वशिला नाही त्याचा ऊस माझ्यासारखा एप्रिलात तुटतो.

ज्यांनी सहकार उभा केला, त्यांनी ही गोष्ट आधीच ओळखली होती. प्रवरेच्या कारखान्यासाठी विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव हिंडून भाग गोळा करीत होते. पण 1950 साली सुरू झालेल्या त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले ते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. ज्या कामाला जो माणूस योग्य, त्याच्या हाती ते काम देण्यात विठ्ठलरावांना कमीपणा वाटला नाही.

गुजरातेत आणंदला तसेच घडले. खेडा जिल्ह्याचा दूध संघ 1946 साली स्थापन झाला. अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल. 1949 साली तिथल्या सरकारी क्रीमरीत नोकरीवर आलेला केरळचा तरुण इंजिनिअर, वर्गीस कुरियन, याला त्यांनी संघाच्या कामात ओढून घेतले. दूध उत्पादकांचा विश्वास सांभाळणे त्रिभुवनदासांकडे, कारभार कुरियनांकडे. कुरियननीही यंत्रतंत्राचे काम आपल्याच हाती धरले नाही. म्हशीच्या दुधाची भुकटी होणार नाही, असे परदेशी जाणकार सांगत असताना ते काम त्यांनी एच. एम. दलाया यांच्यावर सोपवले. दलायांनी ते करून दाखवले, आणि 1955 साली आणंदला भुकटीचा कारखाना उभा राहिला.

मग काम सोपवावे कसे? माझ्या ठेचेतून शिकलो ते सांगतो.

पहिले, काम पुरते द्यावे. "जरा मोटार बघ" म्हणण्यापेक्षा "या दोन एकरांचे पाणी आता तुझे" म्हणावे. दुसरे, कामाबरोबर अधिकार आणि थोडा पैसाही द्यावा. खताच्या एका पोत्यासाठी विचारत बसावे लागले, तर काम दिले असे म्हणताच येत नाही. तिसरे, हिशेबाचा वार ठरवावा आणि मधल्या दिवसांत डोकावू नये. चौथे, चूक झाली तर चारचौघांत बोलू नये. बांधावर दोघांतच बोलावे. आणि पाचवे, सगळ्यात महत्त्वाचे: काम सोपवता येते, जबाबदारी सोपवता येत नाही. कर्ज किती काढायचे, भाव काय द्यायचा, याचा जाब सर्वसाधारण सभेत मंडळानेच द्यायचा असतो. "ते अमक्या साहेबांकडे होते" हे उत्तर तिथे चालत नाही, आणि आपणही ते चालवून घेऊ नये.

आमच्या घरी आता किल्ली दाराजवळच्या खुंटीला असते आणि वही मुलाकडे. खोडव्यातले पाचट मी जन्मभर पेटवीत आलो. औंदा तो म्हणाला, "दादा, जाळायचं नाही. सरीत दाबू." जीभ चावून मी बांधावर उभा राहिलो. उन्हाळ्यात शेजारचे रान भेगाळले, तेव्हा त्याने पाचट बाजूला करून खालची ओल दाखवली. मी काही बोललो नाही. पाण्याची पाळी कधी द्यायची, एवढेच त्याला विचारले.