स्वस्त सिंथेसायझर घेताना आधी काम, मग दाम

गणेशोत्सव जवळ आला, की वाद्यांच्या दुकानांतील वर्दळ वाढते. कोणाला भजनी मंडळात साथ करायची असते, कोणाला बँजो पथकासाठी ऑक्टोपॅड हवा असतो, तर कोणाला घरच्या खोलीत बसून स्वतःच्या चालीचे गाणे बांधायचे असते. तिघांचाही पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, 'यात टोन किती?' नेमक्या याच प्रश्नाने सुरू झालेली खरेदी पुष्कळदा फसते. शाहीर अनंत फंदींचे संगमनेर आणि ज्ञानेश्वरीचे नेवासे ज्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात आहे, तेथे गाण्या-वाजवण्याची हौस जुनीच. परंतु पंधरा-वीस हजार रुपये ही अनेक घरांत एका हंगामाची बचत असते. ती चुकीच्या वाद्यात अडकली, तर वाद्य पलंगाखाली जाते आणि त्याबरोबर हौसही.

'कॅसिओ' एक, प्रकार दोन

बोलण्यात पट्ट्यांच्या प्रत्येक विद्युत वाद्याला सर्रास 'कॅसिओ' म्हटले जाते. प्रत्यक्षात यात दोन भिन्न जाती आहेत. पहिला अरेंजर कीबोर्ड. त्यात तयार आवाज आणि तयार ठेके असतात, स्वतःचे स्पीकर असतात आणि डाव्या हाताने स्वरमेळ दाबला, की मागे संपूर्ण वाद्यवृंद वाजू लागतो. यामाहाच्या पीएसआर-आय मालिकेतील कीबोर्ड भारतीय ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असून, त्यांत भारतीय वाद्यांचे आवाज व ठेके दिलेले आहेत. साथसंगत, शिकवणी आणि कार्यक्रम यांसाठी हीच जात उपयोगी.

दुसरा खरा सिंथेसायझर. त्यात आवाज तयार मिळत नाही, तो घडवावा लागतो. ध्वनिलहर निवडणे, फिल्टरने तिची धार कमी-अधिक करणे, आवाज किती झटकन उमटावा आणि किती रेंगाळावा हे ठरवणे, हे सारे बटणे फिरवून करायचे असते. कॉर्ग कंपनीची २०१३ मध्ये आलेली व्होल्का मालिका किंवा रोलँडचा २०२३ मधील एस-१ ही या जातीची तळहाताएवढी उदाहरणे. भजनाच्या साथीसाठी असे यंत्र घेणारा निराश होतो. आणि नवा आवाज शोधणारा अरेंजर घेऊन तितकाच कंटाळतो.

ठेक्याचे गणित

ड्रम मशीनची कल्पना येथे अगदीच अनोळखी नाही. रियाझासाठी वापरला जाणारा इलेक्ट्रॉनिक तबला हे एक प्रकारचे ड्रम मशीनच. फरक इतकाच, की तबल्याच्या यंत्रात ताल आधीच भरलेले असतात, तर ड्रम मशीनमध्ये ठेका स्वतः रचावा लागतो. त्यासाठी यंत्रावर बहुधा सोळा खाने असतात. प्रत्येक मात्रेला दोन खाने धरले, तर आठ मात्रांचा केरवा किंवा भजनी ठेका सोळा खान्यांत चपखल बसतो. दादऱ्याच्या सहा मात्रांना मात्र बारा, रूपकाच्या सात मात्रांना चौदा आणि झपतालाच्या दहा मात्रांना वीस खाने लागतात. म्हणून खाने कमी करता येतात का आणि सोळाच्या पुढे नेता येतात का, हे दोन प्रश्न 'टोन किती' यापेक्षा महत्त्वाचे ठरतात. व्होल्का बीट्समध्ये नको असलेले खाने बंद ठेवता येतात, त्यामुळे दादरा आणि रूपक जमतात. रोलँडच्या २०२२ मधील टी-८ मध्ये बत्तीस खाने असल्याने झपतालही बसवता येतो.

आवाजांचा प्रश्न याहून वेगळा. परदेशी बनावटीच्या ड्रम मशीनमध्ये ढोलकी, हलगी किंवा संबळ सहसा सापडत नाही. ते हवे असतील, तर बाहेरचा आवाज भरून घेणारे यंत्र, म्हणजे सॅम्पलर, पाहावे. २०२० मध्ये आलेल्या व्होल्का सॅम्पल-२ मध्ये संगणकावरून स्वतःचे ध्वनिमुद्रित आवाज चढवता येतात. गावच्या ढोलकीपटूची थाप परवानगीने टिपून घेतली, तर विकतच्या शंभर टोनपेक्षा ती अधिक कामी येते.

एका वेळी एकच स्वर

सर्वांत स्वस्त सिंथेसायझर बहुधा एका वेळी एकच स्वर वाजवतात. दुकानात ही उणीव वाटते. रागसंगीताच्या दृष्टीने ती उणीव नाही, कारण राग एका स्वरामागून दुसरा असाच उलगडतो. याचा दाखला मुंबईतच मिळतो. चित्रपटसृष्टीतील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडचे टीआर-८०८ हे ड्रम मशीन, टीबी-३०३ हे बेसचे यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर यांच्या साह्याने दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बांधले. टीबी-३०३ एका वेळी एकच स्वर वाजवते, पण एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरते. मींडेच्या जवळ जाणारा तो गुण रागाला मानवला. ही ध्वनिमुद्रिका त्या काळी फारशी गाजली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाल्यावर मात्र जगाचे लक्ष तिच्याकडे गेले.

टीबी-३०३ चे उत्पादन १९८४ मध्येच थांबले आणि पुढे जुन्या नगांचे भाव आवाक्याबाहेर गेले. बेहरिंगर कंपनीने २०१९ मध्ये त्याच धर्तीवर टीडी-३ आणि ८०८ च्या धर्तीवर आरडी-८ आणले, तेव्हा तो आवाज पुन्हा सामान्यांच्या आवाक्यात आला. अर्थात, ज्याला दोन्ही हातांनी स्वरमेळ वाजवायचे आहेत, त्याने किती स्वर एकत्र वाजतात हे आधी विचारावे. व्होल्का कीजमध्ये ते तीन आहेत.

पाटीवर न लिहिलेला खर्च

लहान यंत्रांना स्पीकर नसतो किंवा असला तरी नावापुरताच असतो. म्हणून हेडफोन, केबल आणि संगणकावर ध्वनिमुद्रण करायचे असल्यास ऑडिओ इंटरफेस, हा खर्च आधीच बाजूला ठेवावा. अडॅप्टर काही वेळा वेगळा घ्यावा लागतो. त्याचा दाब आणि पिनेच्या आतील ध्रुव धन की ऋण, हे दोन्ही जुळले पाहिजे. चुकीचा अडॅप्टर यंत्र जाळू शकतो. जेथे वीज वारंवार जाते, तेथे सेलवर किंवा आतील बॅटरीवर चालणारे यंत्र सोयीचे. परदेशातून मागवताना सीमाशुल्क धरूनच किंमत मोजावी आणि भारतात हमी लागू होते का, याची खातरजमा करावी. जुने वाद्य घेताना प्रत्येक पट्टी हलक्या आणि जोरकस दाबाने वाजवावी, प्रत्येक बटण फिरवून खरखर ऐकावी आणि सेलच्या खान्यात गंज नाही ना, हे पाहावे.

ज्यांचा निर्णय होत नसेल, त्यांनी काहीच विकत न घेता सुरुवात करावी. घरात संगणक असेल, तर हायड्रोजन हे ड्रम मशीन आणि सर्ज एक्सटी हा सिंथेसायझर, ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. हायड्रोजनमध्ये ठेक्याची लांबीही बदलता येते. दोन महिने रोज अर्धा तास त्यावर घालवला, की आपल्याला ठेका रचण्यात गोडी आहे, आवाज घडवण्यात आहे की साथ करण्यात, हे आपसूक कळते. त्यानंतर दुकानाची पायरी चढणाऱ्याचा पहिला प्रश्न 'टोन किती' असा राहत नाही. 'माझा रूपक यात बसेल का', असे तो विचारतो आणि पैसे मोजण्यापूर्वी तो तेथेच वाजवून पाहतो.